कूलरपासून प्रोजेक्ट रिपोर्टपर्यंत : अभियांत्रिकीच्या मुलांना इंग्रजी वाचायला-लिहायला शिकवताना

तिसऱ्या सेमिस्टरच्या कुठल्याही मुलाचं प्रॅक्टिकलचं जर्नल उघडा. एम, ॲपरेटस, थिअरी, प्रोसिजर, ऑब्झर्वेशन टेबल, कन्क्लुजन. इंग्रजी बहुतेक ठिकाणी शुद्ध असतं, कारण ते सीनियरच्या जर्नलातून जसंच्या तसं उतरवलेलं असतं. आता त्याच मुलापुढे त्याच प्रयोगाचा आलेख ठेवा आणि म्हणा, यात काय दिसतं ते चार वाक्यांत लिही. पेन थांबतं. 'मॅडम, समजते सगळं, पण लिहाले बसलं का सुचतच नाही,' हे वाक्य मी नागपुरात दरवर्षी ऐकते. सांगणारी मुलं काटोलची असतात, उमरेडची, भंडाऱ्याची, वणीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग अकरावी सायन्सला एकदम इंग्रजी, आणि मग इंजिनिअरिंग.

सुरुवातीची काही वर्षं मी त्यांना काळांचे तक्ते, ॲक्टिव्ह-पॅसिव्ह आणि रजेचे अर्ज शिकवले. मुलं पेपरात पास झाली, पण शेवटच्या वर्षाचे रिपोर्ट होते तसेच राहिले. 'कम्युनिकेशन स्किल्स'चा तास ग्रुप डिस्कशन आणि मुलाखतीच्या तयारीत संपतो, आणि ज्या इंग्रजीवर पुढची चार वर्षं उभी असतात ते इंग्रजी, म्हणजे पुस्तकातला परिच्छेद, मानकातलं कलम, शोधनिबंधातला आलेख, कुणीच शिकवत नाही. म्हणून मी तास जर्नलाकडे वळवला. मूल दर आठवड्याला तिथे इंग्रजी लिहितंच. ते उतरवलेलं न राहता त्याचं स्वतःचं व्हावं, एवढंच काम आहे. या कामात त्याची मराठी अडचण नसून सगळ्यात उपयोगी हत्यार आहे, हे माझं ठाम मत आहे.

खाली दिलेला क्रम चौदा आठवड्यांचा, आठवड्याला दोन तासांचा आणि साठ मुलांच्या वर्गाचा आहे.

पहिला आठवडा : मूल नेमकं कुठे अडतं

परीक्षा घेऊ नका. त्यांच्याच अभ्यासक्रमातल्या पुस्तकाचं अर्धं पान झेरॉक्स करून द्या आणि सांगा, जिथे अडखळाल तिथे खाली रेघ मारा. नाव लिहायचं नाही. मग साठही कागद घरी नेऊन रेघा मोजा.

'एन्ट्रॉपी', 'बेंडिंग मोमेंट', 'इम्पीडन्स' यांच्याखाली रेघा फारशा नसतात. हे शब्द मुलांना येतात, कारण ते विषयाच्या तासाला शिकवले जातात. रेघा असतात त्या 'व्हेअरॲज', 'अनलेस', 'हेन्स', 'नेग्लिजिबल', 'सब्जेक्ट टू', 'रिस्पेक्टिव्हली' यांच्याखाली. काही ठिकाणी तर रेघ नसते आणि चूक असते, ते जास्त घातक. 'प्रोव्हायडेड' हा त्यातला मुख्य. 'हे सूत्र लागू पडतं, प्रोव्हायडेड प्रवाह स्थिर आहे' यातला 'प्रोव्हायडेड' मुलं 'पुरवलेला' असा वाचतात आणि पुढे जातात. त्याचा अर्थ 'असेल तरच' असा आहे, आणि सगळं सूत्र त्या अटीवर टेकलेलं असतं. 'रिस्पेक्टिव्हली'ला मराठीत 'अनुक्रमे' म्हणतात हे एकदा सांगितलं की दोन आकडे आणि दोन नावं यांच्या जोड्या मुलं आपोआप लावतात.

न्यूझीलंडमधल्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली अशा शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. त्यात ५७० शब्दकुळं, म्हणजे एकाच मूळ शब्दापासून झालेल्या शब्दांचे गट, आहेत. रोजच्या वापरातले पहिले दोन हजार शब्द वगळून, सगळ्या विद्याशाखांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येणारे शब्द त्यात घेतले आहेत, आणि विद्यापीठीय मजकुरात साधारण दहा टक्के शब्द या यादीतले निघतात. यादी पाठ करून घेऊ नका. आठवड्याला आठ शब्द पुरेत, आणि प्रत्येक शब्दापुढे तीन गोष्टी लिहायला लावा : तो शब्द त्यांच्या पुस्तकात ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, पान क्रमांक, आणि त्या वाक्यातला त्याचा मराठी अर्थ. शब्दकोशातला पहिला अर्थ उतरवलेला चालणार नाही, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका.

काय वाचायला द्यावं

निबंध, चरित्रं, बोधकथा नकोत. मुलांना ज्याची गरज आहे तेच द्या, आणि सोप्याकडून अवघडाकडे जा. मी डेटाशीटपासून, म्हणजे सुट्या भागासोबत कंपनी देते त्या माहितीपत्रकापासून, सुरुवात करते. एलएम३५ हा तापमान मोजणारा सेन्सर इलेक्ट्रॉनिक्सच्या जवळजवळ प्रत्येक मिनी प्रोजेक्टमध्ये असतो. त्याच्या डेटाशीटचं पहिलं पान घ्या. दर अंश सेल्सिअसला दहा मिलिव्होल्ट, म्हणजे ४२ अंशांना ४२० मिलिव्होल्ट, हे गणित मुलं चटकन करतात. मग विचारा, आतल्या तक्त्यात 'टिपिकल' आणि 'मॅक्झिमम' असे दोन वेगळे रकाने का आहेत? एक आकडा साधारणपणे दिसणारा, दुसरा कंपनीने हमी दिलेली हद्द. डिझाइन कुठल्या आकड्यावर करायचं? इथे इंग्रजीचा तास आणि इंजिनिअरिंगचा तास एक होतो, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करतात.

त्यानंतर मानकं. भारतीय मानक ब्यूरोच्या दस्तऐवजात 'शॅल' म्हणजे करायलाच हवं, 'शुड' म्हणजे केलेलं बरं, आणि 'मे' म्हणजे परवानगी आहे. स्थापत्यच्या मुलाला आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या बांधकामाचं मानक, चार वर्षं सोबत करणार असतं; त्याने हे तीन शब्द सारखेच वाचले तर उद्या साइटवर त्याची किंमत मोजावी लागेल. पिण्याच्या पाण्याचं मानक, आयएस १०५०० : २०१२, वाचनाच्या तासाला मला फार आवडतं. त्यात विरघळलेल्या क्षारांसाठी दोन आकडे आहेत, लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि २००० मिलिग्रॅम. मुलं रिपोर्टमध्ये सरळ लिहितात, '२००० पर्यंत चालतं'. रकान्याचं शीर्षक पुन्हा वाचायला लावा. पहिली हद्द स्वीकारार्ह. दुसरी 'दुसरा कुठला स्रोत उपलब्ध नसेल तर' चालवून घेण्याची. ती अट शीर्षकात आहे आणि मुलांनी शीर्षक वाचलेलंच नसतं. आपल्या गावच्या विहिरीचं पाणी खारं लागतं हे सांगणारी चार-पाच मुलं वर्गात असतातच. त्यांनाच बोलू द्या.

शोधनिबंध सातव्या आठवड्यानंतर. त्याआधी नको. ज्याला अजून वाक्य उलगडता येत नाही त्याच्या हातात आठ पानांचा निबंध दिला की तो सरळ भाषांतराच्या ॲपकडे जातो.

वाक्य उलगडणं

दुसऱ्यापासून पाचव्या आठवड्यापर्यंत मी वर्गात फक्त वाक्यं फोडते. तीन प्रकार पुरतात.

पहिला, नामांची माळ. 'फ्लाय ॲश बेस्ड जिओपॉलिमर काँक्रीट कॉम्प्रेसिव्ह स्ट्रेंथ.' सात शब्द, एकही क्रियापद नाही. मुलांना वाटतं आपल्याला इंग्रजी येत नाही. खरं म्हणजे इंग्रजीने इथे सगळे जोडप्रत्यय गिळून टाकले आहेत आणि मराठीला तशी सवय नाही. मग काय करायचं? शेवटच्या शब्दापासून सुरू करायचं आणि प्रत्येक पायरीला प्रश्न विचारायचा. स्ट्रेंथ, कसली? दाब सहन करण्याची. कशाची? काँक्रीटची. कुठल्या? जिओपॉलिमर. ते कशापासून केलेलं? फ्लाय ॲशपासून. चा-ची-चे आणि पासून-साठी परत बसवले की माळ सुटते. कोराडी किंवा खापरखेड्याहून येणाऱ्या मुलांना फ्लाय ॲश म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. वीजकेंद्राची राख त्यांनी अंगणात पाहिलेली असते. विषय ओळखीचा असला की भाषेवर लक्ष राहतं, म्हणून उदाहरणं इथलीच निवडते.

दुसरा प्रकार, पोटात वाक्य घेऊन बसलेलं वाक्य. कर्ता सुरुवातीला, क्रियापद पार शेवटी आणि मधे 'विच' किंवा 'दॅट'ने सुरू झालेलं एक लांबलचक वर्णन. मुलं जवळच्या क्रियापदाला मुख्य क्रियापद समजतात. त्यांना मराठीचा जो-तो आठवून द्या. 'जो पंप दुसऱ्या टाकीला जोडला आहे, तो पंप बंद पडला.' इंग्रजी हेच एका दमात म्हणतं, जो-तो वेगळे न करता. फळ्यावर 'विच' दिसला की तिथपासून वर्णन संपेपर्यंत कंस टाकायचा, आणि कंसाबाहेर काय उरलं ते मोठ्याने वाचायचं. दोन आठवडे रोज दहा वाक्यं केली की हात आपोआप कंस टाकतो.

तिसरा, कर्ता गायब असलेलं वाक्य. पॅसिव्ह व्हॉइस मुलांना अवघड जातो असं आपण धरून चालतो. तसं नाही. 'पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे', 'रस्त्याचे काम हाती घेण्यात आले आहे', ही वर्तमानपत्री मराठी ती लहानपणापासून वाचतात. 'करण्यात आले' म्हणजेच 'वॉज कॅरिड आउट', एवढं सांगितलं की पुरे.

शोधनिबंध वाचायचा कसा

पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा नाही, हे मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं. श्रीनिवासन केशव या संगणकशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये तीन फेऱ्यांची एक साधी पद्धत लिहिली, ती मी जवळजवळ तशीच वापरते. पहिली फेरी पाच ते दहा मिनिटांची : शीर्षक, सारांश, प्रस्तावना, उपशीर्षकं, निष्कर्ष आणि संदर्भयादीवर एक नजर. दुसरी फेरी तासाभराची, त्यात आकृत्या आणि आलेख बारकाईने. तिसरी फेरी म्हणजे तेच काम आपण स्वतः करतोय असं समजून प्रत्येक गृहीतक तपासणं. त्याला नवख्याला चार-पाच तास लागतात, आणि पदवीच्या मुलांना ती एखाद-दुसऱ्या निबंधापुरतीच करायला लावावी.

माझी एक भर आहे : पहिल्या फेरीच्याही आधी आलेख. सगळा मजकूर झाकून ठेवायचा, फक्त आलेख आणि त्याखालची ओळ दाखवायची. आडव्या अक्षावर काय, उभ्या अक्षावर काय, एककं कुठली, रेष कुठे वळली? हे मराठीत बोलू द्या. मग मजकूर उघडायचा आणि लेखकांनी आलेखाबद्दल काय म्हटलं ते शोधायचं. मुलांनी आधीच जे म्हटलं होतं तेच इंग्रजीत लिहिलेलं सापडतं तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, त्यासाठी हा तास घ्यावा.

प्रस्तावनेसाठी जॉन स्वेल्स यांची मांडणी घ्या. १९९० साली त्यांनी दाखवून दिलं की शोधनिबंधांच्या प्रस्तावना बहुतेक तीन चालींनी जातात. मी त्या शेताच्या भाषेत सांगते. आधी रान दाखवायचं : या विषयात काय काय काम झालंय. मग पडीक तुकडा दाखवायचा : अमुक गोष्ट अजून कुणी तपासलेली नाही. मग सांगायचं, तो तुकडा मी नांगरतोय. पडीक तुकडा बहुतेकदा 'हाउएव्हर' किंवा तशाच एखाद्या शब्दापाशी सापडतो. तीन रंगांच्या पेन्सिली द्या आणि तीन चाली रंगवायला लावा. रंगवता आल्या की आपल्या प्रोजेक्टची प्रस्तावना कशी लिहायची, हा प्रश्न अर्धा सुटतो.

कूलरचा परिच्छेद

आता लिहिणं. इथे घाई करू नका, कारण सगळं इथेच ठरतं.

लिहायला स्वतःची मापं हवीत. दुसऱ्याच्या आकड्यांवर मूल दुसऱ्याचंच इंग्रजी लिहितं. म्हणून मी एप्रिलमध्ये हॉस्टेलच्या कूलरवर प्रयोग करवते. नागपुरात कूलर नसलेलं घर शोधावं लागेल, वाळ्याच्या ताट्यांचा वास प्रत्येकाच्या नाकात आहे, आणि तरी तो नेमका कसा चालतो हे मोजलेलं कुणीच नसतं. तीन थर्मामीटर घ्या. एक बाहेरच्या हवेत, सावलीत. दुसऱ्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळून तो वाऱ्यावर धरा. तिसरा कूलरच्या तोंडाशी. समजा दुपारी दोनला आकडे आले ४२, २२ आणि २६ अंश. ओल्या थर्मामीटरचा २२ हा आकडा म्हणजे कूलर जास्तीत जास्त जिथवर थंड करू शकला असता ती हद्द. शक्य घट २० अंशांची, प्रत्यक्ष घट १६ अंशांची. सोळा भागिले वीस, म्हणजे ८० टक्के; यालाच सॅच्युरेशन एफिशिअन्सी म्हणतात. वुडवूलच्या आणि वाळ्याच्या ताट्या बदलून दोन गट करा, म्हणजे तुलनाही लिहिता येते.

पहिला मसुदा वर्गातच, हाताने, वीस मिनिटांत लिहून घ्या. बहुतेकांचा असा येतो : 'नाऊ अ डेज कूलर इज व्हेरी इम्पॉर्टंट इन आवर लाइफ. वी टुक द रीडिंग्ज. द टेंपरेचर वॉज डिक्रीज्ड. हेन्स द कूलर इज एफिशिअंट.' यावर लाल पेन चालवायचं नाही. फळ्यावर लिहायचं आणि एकेक प्रश्न विचारायचा.

पहिल्या वाक्याने वाचकाला काय नवीन कळलं? काही नाही. खोडा. 'नाऊ अ डेज'ने सुरू होणारं वाक्य शाळेतल्या निबंधातून आलेलं असतं. रिपोर्टमध्ये त्याला जागा नाही, हा वर्गाचा नियमच करून टाका.

तापमान घटलं की घटवलं? मराठी हा भेद पक्का ठेवते : घटणे आणि घटवणे, वाढणे आणि वाढवणे. इंग्रजीत 'द टेंपरेचर डिक्रीज्ड' म्हणजे घटलं, 'द कूलर रिड्यूस्ड द टेंपरेचर' म्हणजे कूलरने घटवलं. मधेच उगाच 'वॉज' घालायची सवय मोडायला दुसरं काही लागत नाही.

किती घटलं? १६ अंशांनी की २६ अंशांपर्यंत? मराठीत 'ने' आणि 'पर्यंत' यांची गल्लत कुणी करत नाही. इंग्रजीत 'बाय' म्हणजे 'ने', 'टू' म्हणजे 'पर्यंत', 'फ्रॉम' म्हणजे 'पासून'. मुलं 'बाय'च्या जागी 'टू' लिहितात आणि सगळा निकाल बदलतो. हे एक कोष्टक प्रत्येकाच्या जर्नलाच्या आतल्या पानावर चिकटवून घ्या.

'एफिशिअंट' कशाच्या तुलनेत? आकडा द्या.

तासाच्या शेवटी फळ्यावर उरतं ते असं : 'द कूलर रिड्यूस्ड द एअर टेंपरेचर फ्रॉम ४२ टू २६ डिग्रीज सेल्सिअस, अ ड्रॉप ऑफ १६ डिग्रीज. द सॅच्युरेशन एफिशिअन्सी वॉज ८० पर्सेंट.' दोन वाक्यं. शब्द सगळे मुलांचेच. इथून पुढे परिच्छेदाचा साचा द्या : आकृतीकडे बोट, मुख्य कल, मग कलाबाहेर गेलेला एखादा आकडा आणि त्याचं कारण. दर आठवड्याला जर्नलातल्या एका प्रयोगावर असा एक परिच्छेद, वर्षभर. मी यापेक्षा जास्त लिहायला देत नाही.

'अ' आणि 'द'

मराठीत उपपदं नाहीत म्हणून ती आपल्याला जमणार नाहीत, असं मुलं धरून बसतात. आपल्या कहाण्या आठवा. आटपाट नगर होतं. तिथे एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा 'एक', नंतर 'त्या'. इंग्रजीतही तेच : प्रथम भेटला तो 'अ पंप', पुन्हा आला तो 'द पंप'. वाळू, पाणी, सिमेंट यांसारखे मोजता न येणारे पदार्थ पहिल्यांदा उपपदाशिवाय. 'इक्विपमेंट', 'इन्फॉर्मेशन', 'रिसर्च' यांना अनेकवचनाचा 'एस' नाही. एवढ्याने सगळ्या चुका जात नाहीत, पण वाचणाऱ्याला खटकणाऱ्या बऱ्याचशा जातात. बाकीच्या वाचनाने हळूहळू जातील, त्यांच्यामागे लागू नका.

एककांचे नियम मात्र काटेकोर. आकडा आणि एकक यांत मोकळी जागा, एककाच्या चिन्हाला अनेकवचन नाही, किलोचा 'के' लहान आणि केल्विनचा मोठा.

'असावा' आणि 'आहे'

जर्नलात प्रत्येक कन्क्लुजनला 'धिस प्रूव्ह्ज दॅट' असतं. एका दुपारच्या मापांनी काहीच सिद्ध होत नाही. इथेही मराठीकडे चला. आहे, दिसतं, असावा, असू शकेल : खात्री कमी होत जाते तशी क्रियापदं बदलतात. 'दिसतं'ला 'द रिझल्ट्स सजेस्ट', 'असावा'ला 'इज लाइकली टू बी', 'असू शकेल'ला 'मे बी'. वर्गात विचारा, जुलैमध्ये कूलर का चालत नाही? सगळे सांगतात, दमट हवा. पण आपण जुलैत मोजलं का? नाही. पावसाळ्यात कोरड्या आणि ओल्या थर्मामीटरमधला फरक कमी होतो, म्हणून घटही कमी व्हावी, हा तर्क आहे, आणि तो 'वुड बी एक्स्पेक्टेड टू' असाच लिहायचा. मोजलेलं आणि तर्काने काढलेलं यांची क्रियापदं वेगळी ठेवणं मी प्रामाणिकपणाचा भाग मानते, आणि मुलांना तसंच सांगते.

दुसऱ्याचं घेणं

मुलं उतरवतात ती बहुतेक वेळा लबाडीने नाही, तर 'यापेक्षा चांगलं मला लिहिता येणार नाही' या भावनेने. त्यावर दटावणी चालत नाही, पद्धत लागते. मूळ परिच्छेद दोनदा वाचायचा. पुस्तक बंद. शेजारच्याला मराठीत सांगायचं, त्याला कळेपर्यंत. मग त्या मराठीतून इंग्रजी लिहायचं. शेवटी मूळ मजकूर उघडून आकडे आणि पारिभाषिक शब्द तपासायचे. मधला मराठीचा टप्पा गाळला की वाक्याची रचना मूळचीच राहते, फक्त शब्द बदलतात, आणि तीही उचलेगिरीच.

संदर्भ क्रमांक परिच्छेदाच्या शेवटी एकदाच टाकून भागत नाही. ज्या वाक्यातला आकडा दुसऱ्याचा, त्याच वाक्यात क्रमांक. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेच्या शैलीत चौकटी कंसातले आकडे मजकुरात येतील त्या क्रमाने जातात, हे एका तासात शिकवून होतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, आणि त्यापुढे चाळीसपर्यंत, साठपर्यंत आणि साठच्या वर असे टप्पे आहेत. मुलांना हे आकडे माहीत असावेत. पण नऊ टक्के आले म्हणून लेखन स्वतःचं झालं असं नाही, तेही सांगा. सॉफ्टवेअर जुळणारे शब्द मोजतं, कल्पना कुणाची ते त्याला कळत नाही.

चॅटबॉटबद्दल माझा नियम साधा आहे. पहिला मसुदा वर्गात, कागदावर. नंतर भाषा नीट करायला कुणीही मदत केली तरी दोन्ही मसुदे जोडायचे, आणि बदललेल्या कुठल्याही दोन वाक्यांचं कारण तोंडी सांगायचं. सांगता आलं तर ते शिकलेच.

साठ वह्या तपासायच्या कशा

सगळ्या चुका लाल केल्या की मूल फक्त गुण बघतं आणि वही बंद करतं. आठवड्याला एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात फक्त क्रियापदं, पुढच्या आठवड्यात फक्त आकडे आणि एककं. बाकी चुका दिसल्या तरी हात आवरा. हे अवघड जातं, पण साठ वह्या दोन तासांत होतात. चूक दुरुस्त करून देऊ नका, समासात टिंब टाका, शोधणं त्याचं काम. आणि गुण दुसऱ्या मसुद्याला द्या, पहिल्याला नाही.

मराठी माध्यमाचं आणि इंग्रजी माध्यमाचं मूल जोडीला बसवा, पण तपासणी दोन्हीकडून. अस्खलित बोलणाऱ्या मुलाचा परिच्छेद पुष्कळदा पोकळ निघतो आणि अडखळणाऱ्याचे आकडे पक्के असतात, हे दोघांनाही दिसायला हवं.

एक गोष्ट विचारली जाते म्हणून सांगते. २०२१ पासून एआयसीटीईने, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने, मराठीसह काही भारतीय भाषांत अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली आहे, मग हे सगळं कशाला? मराठीतून शिकणाऱ्या मुलालाही डेटाशीट, मानक आणि शोधनिबंध इंग्रजीतच वाचावे लागतात. उलट त्याची संकल्पना मराठीत पक्की असल्याने वर सांगितलेला रस्ता त्याला जास्त जवळचा आहे.

शेवटच्या वर्षाचा रिपोर्ट

चौघांचा गट, चार प्रकरणं, चौघांची चार प्रकारची इंग्रजी. प्रकरणं वाटून घेऊ देऊ नका. लिहिण्याचा क्रम बदला : आधी पद्धत, कारण ती सगळ्यात सोपी आणि हाताने केलेली. मग निकाल, मग चर्चा. प्रस्तावना त्यानंतर, आणि सारांश सगळ्यात शेवटी. सारांशात पाच-सहा वाक्यं आणि किमान एक आकडा. आकड्याशिवायचा सारांश मी परत पाठवते. संदर्भासाठी शोधगंगा या संकेतस्थळावर आपल्याच विषयातले प्रबंध मोफत मिळतात. तिथून एखाद्या प्रकरणाची रचना बघावी, वाक्यं उचलू नयेत.

बाइंडिंगला देण्याच्या आठ दिवस आधी रिपोर्ट कागदावर छापून घ्या आणि शाखा बदला : मेकॅनिकलच्या गटाचा रिपोर्ट स्थापत्यच्या गटाकडे, इलेक्ट्रॉनिक्सचा मेकॅनिकलकडे. वाचणाऱ्याने काही दुरुस्त करायचं नाही. मोठ्याने वाचायचं, आणि जिथे पुन्हा मागे जाऊन वाचावं लागलं तिथे समासात रेघ मारायची. प्रत्येक आकृतीचा मजकुरात उल्लेख आहे का, आणि सारांशातला आकडा निकालाच्या तक्त्यातल्या आकड्याशी जुळतो का, हे दोनच जास्तीचे प्रश्न. रेघा मारलेला रिपोर्ट गटाकडे परत जातो, आणि चौघांनी एकत्र बसून ती वाक्यं पुन्हा लिहायची. गेल्या खेपेला एका गटाच्या रिपोर्टवर सत्तेचाळीस रेघा आल्या होत्या. दुसऱ्या वाचनात अकरा उरल्या, आणि त्यातल्या सात एकाच आलेखाभोवती होत्या, तेव्हा त्यांनी तो आलेखच नव्याने काढला.